शंकरसिंगनं सांगितलेली गाडी

शंकरसिंग आडेनं एकोणतीस वर्षं दिग्रस ते पुसद काळीपिवळी जीप चालवली, आणि त्या एकोणतीस वर्षांत त्याची बायको मानीबाई त्या जीपमध्ये मोजून चार वेळा बसली. चारही वेळा तिचा जीव जायचा बाकी राहिला. तिला गाडी लागायची. डिझेलचा वास नाकात गेला की पहिलं वळण यायच्या आधीच ती पदराचा बोळा तोंडाशी धरायची आणि पुढचा सगळा रस्ता शंकरसिंगला दर दोन मैलांवर जीप थांबवावी लागायची. तांड्यातल्या बायांना हा हसायचा विषय होता. साऱ्या दुनियेला बसवून नेणाऱ्याच्या घरात ही एकच सवारी त्याला मिळत नाही, असं त्या म्हणायच्या. मानीबाईही त्यांच्यात हसायची, आणि पोहरादेवीच्या जत्रेला सरळ पायी निघायची.

माणूस मात्र रस्त्याचा पक्का होता. चौदा सवाऱ्या आत, दोन टपावर आणि एक दाराला लोंबकळणारी, अशा जीपला त्यानं एकदाही खरचटू दिलं नाही. त्याच्या जीपच्या मागं दोन कॅन टांगलेले असायचे, एक पाण्याचा आणि एक डिझेलचा. टाकी भरलेली असली तरी डिझेलचा कॅन भरलेलाच. बाकीचे ड्रायव्हर चिडवायचे, दिग्रस-पुसद जाऊन राह्यला की काशीला. तो ऐकून घ्यायचा आणि कॅन भरायचा. हे त्याला आज्यानं शिकवलं होतं. आज्यानं लहानपणी शेवटच्या लदेण्या पाहिल्या होत्या, म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव निघालेले तांडे. आजा सांगायचा, की मुक्कामावरून बैल सोडायच्या आधी नायक एक माणूस पुढं पाठवायचा. त्या माणसानं पुढच्या मुक्कामाचं पाणी तर बघायचंच, पण त्याच्याही पुढचं दुसरं पाणी बघून यायचं. पहिलं आटलेलं निघालं तर दुसऱ्यापर्यंत जनावर पोचलं पाहिजे. दुसरं पाणी सापडलं नाही तर तांडा जागचा हलायचा नाही, मग चार दिवस लागोत की चौदा. शंकरसिंगला ही गोष्ट इतकी पटलेली होती की घरातही तो आगपेट्या दोन ठेवायचा.

पुढं जीपचं वय झालं आणि शंकरसिंगच्या डोळ्यांचंही. दोन्ही एकाच वर्षी. जीप भंगारात गेली आणि शंकरसिंग तांड्यातल्या घराच्या ओट्यावर आला. माणसाची किंमत त्याच्या हातात काय आहे यावर ठरते, हे आपल्याला सगळ्यांना माहीत असतं, पण ज्याच्या हातातून जातं त्याला ते नव्यानं कळतं. जीप होती तेव्हा लोक त्याला कायबी विचारायचे. पावसात कोणता नाला उतरतो, कोणत्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे, पोरगी द्यायची ते घर कसं आहे. आता शेजारचा पूनमसिंगसुद्धा ट्रॅक्टर घेऊन आला तेव्हा पेढा द्यायला आला, विचारायला नाही. शंकरसिंगनं पेढा खाल्ला. मग तीन दिवस तो बायकोवर कारण नसताना खेकसत राहिला, आणि मानीबाई त्याला एका शब्दानं उलटून बोलली नाही.

पोळ्याच्या आसपास पुण्याहून सुनीलचा फोन आला. सुनील हा त्यांचा एकुलता एक मुलगा, पुण्यात कारखान्यात नोकरीला. त्याची बायको उज्ज्वला शाळेत शिकवते, आणि त्यांना सुरभी नावाची सहा वर्षांची मुलगी आहे. सुनीलला घरच्या सगळ्यांना पुरेल अशी मोठी, उंच गाडी घ्यायची होती. दोन गाड्या त्याच्या मनात होत्या. एक निव्वळ बॅटरीवर चालणारी, आणि दुसरी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी. त्याचं काही ठरत नव्हतं. तो म्हणाला, बा, तुम्ही सांगा, तुम्ही सांगाल ती घेतो.

शंकरसिंगनं फोन ठेवला आणि आधी दाढी करायला बसला. दाढीचा वार नव्हता तो. मानीबाई चुलीपाशी बसून त्याच्याकडं बघत होती. पोरानं इचारलं मले, असं त्यानं तिला दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा तिनं पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकून घेतलं. (त्यांचं आपसातलं बोलणं गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत चालायचं, वाचणाऱ्याला सोपं जावं म्हणून इथं वऱ्हाडीत घेतलं आहे; आईसाठीचा त्यांचा याडी हा शब्द तेवढा तसाच ठेवला आहे.)

त्यानंतरचे पंधरा दिवस शंकरसिंग पुन्हा कामाचा माणूस झाला. दिग्रसला उकंडाचं गॅरेज होतं. उकंडा त्याच्या जीपचा जुना मिस्त्री. त्याच्याकडं बसून त्यानं मोबाइलवर दोन्ही गाड्यांचे व्हिडिओ पाहिले. उकंडा म्हणायचा, बॅटरीच्या गाडीत आमाले हात घालाले जागाच ठेवली नाही. मग तो एस्टीनं यवतमाळला गेला, एकदा सोडून तीनदा. शोरूममधल्या पोरांनी आधी त्याच्या पागोट्याकडं पाहिलं, पण त्यानं बॉनेट उघडायला लावून असे काही प्रश्न विचारले की त्यांनी मॅनेजरला बोलावलं. वहीत त्यानं पुणे ते तांडा असा सगळा रस्ता मांडला. पुणे, नगर, संभाजीनगर, समृद्धी, कारंजा, मानोरा, तांडा. प्रत्येक नावापुढं बॅटरी कुठं भरता येईल ते लिहिलं. कारंज्यापर्यंत जमत होतं. त्यापुढची जागा कोरी राहिली.

या सगळ्या धावपळीत घरात एक गोष्ट चालली होती आणि ती दोघांनाच माहीत होती. मानीबाईच्या गळ्याखाली घास उतरेनासा झाला होता. आधी भाकर अडायची, मग भातही. दिग्रसच्या डॉक्टरनं यवतमाळला पाठवलं. शंकरसिंगनं भाड्याची गाडी केली आणि जातायेता तिला एवढ्या उलट्या झाल्या की परत आल्यावर ती तीन दिवस अंथरुणातून उठली नाही. यवतमाळच्या डॉक्टरनं सांगितलं की नळी घालून बघावं लागेल, तुकडा तपासावा लागेल, वेळ घालवू नका. मुलगा पुण्यात आहे म्हटल्यावर तो म्हणाला, मग पुण्यालाच घेऊन जा. घरी येऊन मानीबाईनं एकच धोशा लावला. आता ती कोणाच्या गाडीत बसणार नाही. बसेल तर सुनीलच्या नव्या गाडीत, आणि त्याच गाडीनं पुण्याला जाऊन दाखवेल. तोवर पोराला कळवायचं नाही, तो नोकरी सोडून धावत येईल. शंकरसिंगला तिनं सुरभीची शपथ घातली.

शंकरसिंगनं शपथ घेतली. त्यानं ती घ्यायला नको होती. पण त्यालाही वाटलं, महिनाभराचा प्रश्न आहे.

यवतमाळच्या तिसऱ्या खेपेला शोरूमवाल्यांनी त्याला बॅटरीच्या गाडीत बसवून लोहाऱ्यापर्यंत फिरवून आणलं. गाडीला आवाज नव्हता. वास तर नव्हताच. शंकरसिंगनं दोनदा नाक वर करून वास घेतला. नव्या सीटचा तेवढा आला. मानीला ही लागणार नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि ते इतकं लख्ख आलं की परतीच्या एस्टीत दारव्ह्यापर्यंत तो मनातल्या मनात हसत होता. सुनीलनं फोनवर आणखी एक गोष्ट सांगितली होती. बॅटरीची गाडी तयार उभी आहे, पंधरा दिवसांत हातात. दुसरीला रांग आहे, सहा-सात महिने थांबावं लागेल.

दारव्ह्याच्या पुढं मात्र त्याच्यातला लदेणीवाला जागा झाला. कारंज्यापुढं बॅटरी संपली तर? तांड्यात वीज कधी असते, कधी नसते. डीपी जळाली की आठ-आठ दिवस अंधार. गाडीत पोराची पोरगी, सून, आजारी बायको, आणि रस्त्यात गाडी उभी. एकच पाणी, आणि ते आटलं तर पुढं काही नाही. दुसरीत बॅटरी संपली तर पेट्रोल आहे, पेट्रोल प्रत्येक फाट्यावर मिळतं. पेट्रोलचा वास डिझेलइतका वाईट नसतो, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. आणि गाडी पंधरा दिवसांसाठी घेत नाहीत, पंधरा वर्षांसाठी घेतात. आजवर साऱ्या सवाऱ्या सुखरूप पोचवणाऱ्या माणसाचा तो हिशोब होता. त्यात एक चूक अशी होती, की जिला पोचवायचं होतं तिच्याकडं किती दिवस आहेत हे त्यानं धरलंच नव्हतं.

तांड्यावर पोचून त्यानं सुनीलला फोन लावला आणि हायब्रिड घे म्हणून सांगितलं. का ते दोन पाण्यांच्या गोष्टीसकट समजावून सांगितलं. पलीकडून सुनील हो म्हणाला. मानीबाईनं विचारलं, कोणती सांगितली. तो म्हणाला, दोन पाण्याची. गाडी येईन कधी, असं तिनं विचारल्यावर मात्र तो चाचरला. सगळ्याच गाड्यांना टाइम लागतो, सारं बुकिंगवर आहे, होळीला येईल, असं सांगून तो बैलाला पाणी पाजायला गेला. पंधरा दिवसांतली गाडी होती हे त्यानं तिला सांगितलं नाही. मानीबाई एवढंच म्हणाली, चांगलं केलं.

दसरा गेला. भात सुटला आणि पेज राहिली. दिवाळीला सुनील येणार होता, पण सुरभीला ताप आला आणि ते राहून गेलं. व्हिडिओ कॉलवर मानीबाई ओढणीसारखा पदर गालावरून घेऊन बसायची, म्हणजे गाल दिसू नयेत. नातीला ती सांगायची, तुझ्या गाडीत मी खिडकीपाशी बसणार. कार्तिकात एक दिवस शंकरसिंगला राहवलं नाही. त्यानं दिग्रसहून गाडी आणून दारात उभी केली आणि तिला हाताला धरून उठवलं. तिनं एक पाय आत टाकला, वास आला, आणि ती तिथंच धुळीत खाली बसली. शंकरसिंग तिच्यावर ओरडला, साऱ्या तांड्यासमोर. मरशील अशानं, म्हणाला. मग स्वतःच गाडीवाल्याला परत पाठवलं आणि तिच्या शेजारी धुळीत बसला.

त्या दिवसापासून तो रोज सकाळी उठून एकच गोष्ट ठरवायचा, आज पोराला सांगायचं. आणि रोज मानीबाई त्याच्या मनातलं ओळखून सुरभीचं नाव घ्यायची. भित्रा माणूस नव्हता तो. पण फोन केला की सुनील विचारणार, बा, मग मला पंधरा दिवसांतली का घेऊ दिली नाही. हे त्याच्यानं ऐकवलं गेलं नसतं. शपथेच्या आड तो लपला, असं आपण म्हणू शकतो. त्यानंही पुढं स्वतःला हेच म्हटलं.

संक्रांतीनंतर मानीबाईला पाणीही अडायला लागलं तेव्हा त्यानं शपथ मोडली. सुनील दुसऱ्या दिवशी हजर झाला, भाड्याच्या गाडीनं. आईकडं पाहून तो दारातच थबकला. मागच्या सीटवर गादी टाकून त्यांनी तिला यवतमाळला नेलं. त्या दिवशी तिला गाडी लागली नाही. पोटात काही नव्हतंच. दवाखान्यात डॉक्टरनं बापलेकांना बाहेर बोलावून सांगितलं की आता फार पसरलं आहे, घरी न्या. पोळ्याला आले होते तेव्हा करण्यासारखं बरंच होतं, असंही तो म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत, तो कोणाला काय सांगतो आहे.

माघात मानीबाई गेली. बायांनी गळ्यात गळे घालून ढावलो म्हटला, सासरी निघालेल्या पोरीला निरोप देताना म्हणतात तशा रडत्या सुरात. पुरुष रडले. शंकरसिंग रडला नाही. तो भिंतीला टेकून बसला होता आणि कोणी आलं की सरकून जागा करून देत होता.

गाडी आली ती बरोबर होळीच्या चार दिवस आधी. शोरूमवाले शब्दाचे पक्के निघाले. होळीला तांड्यातली माणसं दुःखाच्या घरी येऊन बसतात, त्या घराचं सुतक मोडून मगच गाणी सुरू होतात, म्हणून सुनीलला यायचंच होतं. तो उज्ज्वला आणि सुरभीला घेऊन नव्या गाडीनं आला. वाटेत एकदाही अडचण आली नाही. कारंज्यापुढं बॅटरी आणि पेट्रोलचं काय झालं ते त्यानं येऊन बापाला तपशिलानं सांगितलं. उज्ज्वलानं गाडीला कुंकू लावलं. पूनमसिंग येऊन गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, शंकरसिंगनं निवडली म्हणजे बघायचं काम नाही. चार माणसांत त्याचं असं नाव घेतलं गेलं त्याला कितीतरी वर्षं झाली होती. ते ऐकून शंकरसिंग घरात निघून गेला.

होळीच्या दुसऱ्या दिवशी, माणसं येऊन बसून गेल्यावर, बापलेक दोघंच गाडीपाशी उभे होते. सुनील फडक्यानं काच पुसत होता. तो सहज म्हणाला, बा, तुमचं बरोबर होतं, दुसरी घेतली असती तर इथपर्यंत येता आलं नसतं. ती गेल्यापासून शंकरसिंगला जे गिळता येत नव्हतं ते त्या चांगल्या शब्दांनी बाहेर आलं.

"पंधरा दिवसात येत होती थे दुसरी," तो म्हणाला. "तुयी याडी गाडीची वाट पाहून राह्यली होती, पुण्याले दवाखान्यात जाले. मी थांबाची गाडी सांगतली. आन लवकरची बी एक हाय, हे मी तिले सांगतलंच नाही."

सुनीलचा हात काचेवर थांबला.

"तिले मालूम होतं, बा."

"काय मालूम होतं?"

"तुमी मले सांगतलं त्याच दिवशी मी तिले फोन केलता. म्हनलं, याडी, दुसरी पंधरा दिवसात भेटते, तुले लवकर पुण्याले फिराले नेता येईन. तं थे म्हने, तुया बापानं सांगतली तेच घे." त्यानं फडक्याची घडी केली, पुन्हा उलगडली. "तुमाले इचाराले बी तिनंच लावलं होतं. म्हने, जीप गेल्यापासून त्याले कोनी कायी इचारत नाही. तू इचार, आन तो म्हनन थे मोडू नको."

शंकरसिंगनं गाडीच्या दाराला हात टेकला.

"बिमार हाय हे तिनं सांगतलं नाही," सुनील म्हणाला. "तेवढं सांगतलं असतं, तं मी कोनालेच इचारलं नसतं."

पाच महिने नवराबायको एका घरात, एका चुलीपाशी, एकच गोष्ट एकमेकांपासून लपवून राहिले होते. आपण मरायला लागलो आहोत हे त्या बाईला कळत होतं, आणि लवकरची गाडी आहे हेही कळत होतं. तरी नवऱ्याचा शब्द एकदा तरी कोणी मानला पाहिजे, हे तिला जास्त मोठं वाटलं. त्याच्या दाढीचं, यवतमाळच्या खेपांचं, वहीतल्या त्या रस्त्याचं तिनं एवढं मोल धरलं होतं. शंकरसिंगला तिचा राग आला. असा राग तिच्या हयातीत त्याला कधी आला नव्हता. आणि तो कोणावर काढायचा, तर ती नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुनीलचं निघायचं ठरलं. सामान ठेवून झालं, सुरभी मागं बसली, उज्ज्वला सासऱ्याच्या पाया पडली आणि डोळे पुसत पुढं जाऊन बसली. गाडीतल्या पडद्यावर पुण्यापर्यंतचा रस्ता निळ्या रेघेनं आधीच आखलेला होता. ती रेघ शंकरसिंगला खिडकीतून स्वच्छ दिसत होती. सुनीललाही दिसत होती. तरी त्यानं काच खाली केली.

"बा," तो म्हणाला, "मानोऱ्यावरून जाऊ का दारव्ह्यावरून?"

आता मला काही विचारू नको, हे शंकरसिंगच्या अगदी तोंडाशी आलं होतं. आपल्या एका उत्तरानं काय झालं ते या पोराला माहीत होतं, आणि तरी तो विचारत होता. का विचारतो आहे, आणि कोणाच्या सांगण्यावरून, तेही शंकरसिंगला कळलं. तो पुढं झाला आणि खिडकीच्या कडेला दोन्ही हात धरून सांगायला लागला. मानोऱ्यावरून जा. गावाबाहेरच्या उतारावर गाडी हळू घे, तिथं खडी आहे. कारंज्याला टाकी भरून घे. ऊन चढायच्या आत समृद्धीवर लाग, आणि टायरची हवा एकदा पाहून घे. सांगता सांगता त्याचा आवाज फाटला आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ती गेल्यापासून पहिल्यांदा, पण तो थांबला नाही, त्यानं रस्ता शेवटपर्यंत सांगितला. सुनीलनं सगळं ऐकून घेतलं. मग गाडी तांड्याच्या बाहेर गेली आणि फाट्यावरून मानोऱ्याकडं वळली.